ऐझॉलचा ५ मार्च आणि संसदेचे मौन

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात संसदेचे पावसाळी अधिवेशन सुरू असेल, तर सभागृहात एक प्रथा सहसा पाळली जाते. पीठासीन अधिकारी १९४५ साली ६ ऑगस्टला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर टाकल्या गेलेल्या अणुबॉम्बचा उल्लेख करतात, मृतांना आदरांजली वाहतात आणि सदस्य काही क्षण उभे राहून मौन पाळतात. एरवी कागदाच्या चिटोऱ्यावरूनही भांडणारी बाके तेवढा वेळ शांत असतात. ते बॉम्ब टाकले गेले तेव्हा ही संसद अस्तित्वात नव्हती आणि मरणारे लोक तिचे मतदार नव्हते. तरीही युद्धात होरपळलेल्या निःशस्त्र नागरिकांचे स्मरण ठेवणे हे लोकप्रतिनिधींचे कर्तव्य आहे, ही त्या प्रथेमागची भूमिका आहे आणि ती उचितच आहे.

याच संसदेच्या दिनक्रमात ५ मार्च या तारखेला मात्र असे स्थान नाही. १९६६ साली त्या दिवशी आकाशातून आग बरसली, ती ऐझॉल या भारतीय शहरावर. आणि विमाने होती भारतीय हवाई दलाची. आपल्याच देशातील नागरी वस्तीवर लढाऊ विमानांनी हल्ला केल्याचे स्वतंत्र भारताच्या इतिहासातील हे एकमेव ज्ञात उदाहरण. हिरोशिमाशी त्याची तुलना संहाराच्या प्रमाणात होऊच शकत नाही. परंतु परक्याने टाकलेल्या बॉम्बचे स्मरण करणे सोपे असते. राष्ट्राच्या स्मृतीची खरी कसोटी स्वतःच्या विमानांनी टाकलेल्या बॉम्बपाशी लागते. त्या कसोटीला भारतीय प्रजासत्ताक अद्याप पूर्णपणे उतरलेले नाही.

दुष्काळातून उठावाकडे

आजचे मिझोरम तेव्हा आसामचा एक जिल्हा होते. १९५९ च्या सुमारास तेथे बांबू फुलला, त्याच्या बियांवर उंदरांची पैदास बेसुमार वाढली आणि त्या उंदरांनी उभी पिके फस्त केली. ‘माउताम’ या नावाने मिझो समाज ओळखतो तो हा दुष्काळ. त्याचा इशारा स्थानिक नेत्यांनी आधी दिला होता. आसाम सरकारने तो पुरेशा गांभीर्याने घेतला नाही, ही तेथील लोकांची तक्रार. दुष्काळात मदतकार्यासाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतूनच १९६१ मध्ये लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष जन्माला आला आणि त्याची मागणी थेट स्वातंत्र्याची होती.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री या संघटनेच्या सशस्त्र तुकड्यांनी ऐझॉल, लुंगलेई, चंफाई आदी ठिकाणच्या सुरक्षा दलांच्या ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले चढविले. १ मार्चला स्वातंत्र्याची घोषणा झाली. सरकारी कोषागार लुटले गेले, ऐझॉलमधील आसाम रायफल्सच्या छावणीला वेढा पडला. हेलिकॉप्टरमधून कुमक आणि रसद पोहोचविण्याचा प्रयत्न खालून झालेल्या गोळीबारामुळे फसला. लष्कराच्या तुकड्यांना डोंगराळ वाटेने ऐझॉल गाठण्यास वेळ लागणार होता. अशा स्थितीत हवाई दलाला पाचारण करण्यात आले. ‘तुफानी’ आणि ‘हंटर’ जातीच्या लढाऊ विमानांनी शहरावर मशीनगनचा मारा केला आणि आग लावणारे बॉम्ब टाकले. दावरपुई, छिंगा वेंग, रिपब्लिक वेंग अशा वस्त्यांतील घरे जळाली. बहुतेक रहिवासी आधीच आसपासच्या डोंगरांत पळाले होते, म्हणून प्राणहानी मर्यादित राहिली. मृत नागरिकांचा सर्वसाधारणपणे सांगितला जाणारा आकडा १३ आहे. पुढील काही दिवसांत अन्य गावांवरही हवाई मारा झाला. ऐझॉलचा वेढा उठला, लष्कराने शहर ताब्यात घेतले आणि बंडखोर जंगलात गेले. तेथून सुरू झालेला संघर्ष २० वर्षे चालला.

त्या वेळची दिल्लीही ध्यानात घ्यावी लागते. ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्री यांचे निधन होऊन दोन महिनेही झाले नव्हते. इंदिरा गांधी यांनी २४ जानेवारीला पंतप्रधानपदाची शपथ घेतली होती. गृहखाते गुलझारीलाल नंदा यांच्याकडे आणि संरक्षणखाते यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होते. चीन युद्धाच्या वेळी १९६२ मध्ये जारी झालेली आणीबाणी उठलेली नव्हती. मिझो नॅशनल फ्रंटवर ६ मार्चला बंदी घालण्यात आली, ती त्याच काळातील भारत संरक्षण नियमांखाली. कागदोपत्री देश अजूनही युद्धकाळात होता. महाराष्ट्र चव्हाणांच्या संरक्षणमंत्रिपदाची आठवण काढतो, ती हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला म्हणून आणि १९६५ च्या युद्धातील खंबीरपणासाठी. त्या स्मरणात ऐझॉल कधी येत नाही. या हल्ल्याच्या निर्णयात कोणाचा किती वाटा होता, हा अभ्यासकांचा विषय; परंतु ज्या मंत्रालयाच्या अखत्यारीत ती विमाने होती, त्याची धुरा एका मराठी नेत्याकडे होती, एवढे तरी मराठी वाचकाला ठाऊक असावयास हवे.

नाकारण्याची भाषा

बॉम्बफेकीनंतरची पहिली राजकीय कृती नकाराची होती. विमाने माणसे आणि रसद पोहोचविण्यासाठी वापरण्यात आली, असा खुलासा पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या नावे त्या आठवड्यातील वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाला. लढाऊ विमानातून रसद कशी टाकतात, हा साधा प्रश्न तेव्हा दिल्लीत कोणी लावून धरला नाही. तो विचारला गेला आसामच्या विधानसभेत. ऑल पार्टी हिल लीडर्स कॉन्फरन्सचे स्टॅन्ली निकल्स-रॉय आणि हूवर हिन्न्येवटा हे खासी टेकड्यांतील नेते मिझो भागात जाऊन आले आणि हवाई हल्ल्याचा विषय त्यांनी सभागृहात उपस्थित केला. ते मिझो नव्हते, स्वतंत्र मिझोरमचे समर्थकही नव्हते. सरकारने आपल्याच नागरिकांवर बॉम्ब का टाकले, एवढेच त्यांना विचारावयाचे होते.

लोकशाहीत अशा प्रश्नांचे मोल मोठे असते आणि ते युद्ध संपण्याची वाट पाहत नाहीत. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, ९ फेब्रुवारी १९४४ रोजी, ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी जर्मन शहरांवरील सरसकट बॉम्बफेकीला आक्षेप घेतला होता. ड्रेस्डेन बेचिराख झाल्यावर तीनच आठवड्यांनी, ६ मार्च १९४५ रोजी, मजूर पक्षाचे रिचर्ड स्टोक्स यांनी कॉमन्स सभागृहात सरकारला धारेवर धरले. दोघांवरही टीका झाली आणि सरकारचे धोरण त्या भाषणांनी बदलले नाही. परंतु ती भाषणे कामकाजाच्या नोंदीत राहिली. पुढील पिढ्यांना आपल्या देशाचा लेखाजोखा मांडताना हाताशी काहीतरी होते. ऐझॉलच्या बाबतीत असा आधार शिलाँगच्या विधानसभेने पुरविला; देशाच्या संसदेकडे दाखविण्यासारखे फारसे काही नाही.

नकार केवळ एका खुलाशापुरता राहिला नाही, तो सरकारी भाषेत मुरला. ३० जून १९८६ रोजी मिझोरम करारावर सह्या झाल्या. भारत सरकारच्या वतीने सही करणारे गृहसचिव राम प्रधान हे एकेकाळी संरक्षण मंत्रालयात यशवंतराव चव्हाणांचे खासगी सचिव होते आणि गृहसचिव म्हणून त्यांचा तो अखेरचा दिवस होता. हा करार भारतातील सर्वांत यशस्वी शांतता करार मानला जातो आणि ते खरेही आहे. बंडखोरांचा नेता मुख्यमंत्री झाला, १९८७ मध्ये मिझोरमला राज्याचा दर्जा मिळाला, त्यानंतर तेथे सत्तांतरे मतपेटीतून झाली. करारात १९६६ पासूनच्या ‘अशांतते’त मारल्या गेलेल्यांच्या वारसांना सानुग्रह रक्कम देण्याची आणि ‘कारवाई’त नष्ट झालेल्या घरांच्या भरपाईची तरतूद होती. म्हणजे घर जळाले, हे मान्य. ते कशाने जळाले, याचा उच्चार नाही. शांततेसाठी त्या वेळी कदाचित हीच किंमत आवश्यक होती. पण तडजोडीत वगळलेला शब्द कायमचा वगळला गेला की त्याचे मौन होते.

स्मरण जिवंत राहिले ते मिझोरममध्येच. चर्चमध्ये, घराघरांतील बोलण्यात आणि गेल्या काही वर्षांपासून ५ मार्चला पाळल्या जाणाऱ्या ‘झोराम नी’ या स्मरणदिनात. मिझो समाज त्या दिवशी केवळ १३ मृतांना आठवत नाही. हवाई हल्ल्यानंतर १९६७ पासून लष्कराने गावेच्या गावे उठवून रस्त्यालगतच्या पहाऱ्यातील वसाहतींत हलविली, जुनी घरे जाळली. ग्रामीण लोकसंख्येचा मोठा भाग या स्थलांतराखाली आला. मिझो स्मृतीत ५ मार्च हा त्या संपूर्ण कालखंडाचा पहिला दिवस आहे.

सभागृहातील उल्लेख

मौन फुटले ते १० ऑगस्ट २०२३ रोजी. मणिपूरमधील हिंसाचाराच्या पार्श्वभूमीवर काँग्रेसचे गौरव गोगोई यांनी मांडलेल्या अविश्वास ठरावाला लोकसभेत उत्तर देताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ५ मार्च १९६६ चा उल्लेख केला. काँग्रेसने मिझोरमच्या असहाय नागरिकांवर हवाई दलाकरवी हल्ला केला, मिझोरम आजही त्या दिवशी शोक पाळतो आणि काँग्रेसने हे सत्य देशापासून दडविले, असा त्यांचा आरोप होता. काँग्रेसचे सरचिटणीस जयराम रमेश यांनी लगोलग उत्तर दिले: पाकिस्तान आणि चीनच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या फुटीरतावादाशी लढण्यासाठी इंदिरा गांधींना तो कठोर निर्णय घ्यावा लागला. पुढच्या काही दिवसांत वाद आणखी खाली घसरला. बॉम्ब टाकणाऱ्या विमानांत राजेश पायलट होते, असे भाजपच्या समाजमाध्यम विभागाच्या प्रमुखांनी म्हटले. वडील हवाई दलात रुजू झाले तेच २९ ऑक्टोबर १९६६ रोजी, असे सांगत सचिन पायलट यांनी त्याचा कागदपत्रासह इन्कार केला.

पंतप्रधानपदावरील व्यक्तीने लोकसभेत ऐझॉलचे नाव घेतले, ही गोष्ट लहान नाही. सहा दशकांच्या मौनानंतर ती महत्त्वाचीच ठरते. परंतु त्या उच्चाराचे स्वरूप काय होते, हे पाहणेही आवश्यक आहे. तो एका पक्षाने दुसऱ्या पक्षावर केलेला आरोप होता. भारत सरकारने दिलेली ती कबुली नव्हती. १९६६ साली विमाने पाठविली ती काँग्रेसच्या कार्यालयाने नव्हे, भारत सरकारने. पक्ष येतात आणि जातात. सरकार नावाची संस्था अखंड असते. जुन्या सरकारने काढलेले कर्ज नवे सरकार फेडते, जुन्या सरकारने केलेले करार पाळते. मग जुन्या सरकारच्या चुकीचे उत्तरदायित्व तेवढे पक्षाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही. काँग्रेसची भूमिकाही तितकीच अपुरी होती. निर्णय कठोर होता, असे सांगताना त्या निर्णयाखाली ज्यांची घरे जळाली, त्यांच्यासाठी दोन शब्द काढावेत, असे त्या पक्षाला वाटले नाही.

मिझोरमने या वादाकडे कसे पाहिले, हे त्यानंतरच्या घटनांवरून दिसते. तेव्हा लोकसभेतील राज्याचे एकमेव खासदार मिझो नॅशनल फ्रंटचे होते, म्हणजे १९६६ साली ज्याच्यावर बंदी आली त्याच पक्षाचे. त्यांनी सरकारविरोधी ठरावालाच पाठिंबा जाहीर केलेला होता. त्यांच्यासमोरचा तातडीचा प्रश्न होता मणिपूरमधून पळून मिझोरममध्ये आलेल्या आपल्या वांशिक बांधवांचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत ४० पैकी २७ जागा झोराम पीपल्स मूव्हमेंट या नव्या पक्षाने जिंकल्या. भाजपला दोन आणि काँग्रेसला एक जागा मिळाली. निवडणुकीला अनेक कारणे असतात. तरीही दिल्लीने उकरून काढलेल्या जखमेवर मिझोरममध्ये मतांचे पीक आले नाही, एवढे खरे.

इतरांनी काय केले

नकाराचे ओझे किती काळ वाहावे लागते, याचे धडे युरोपात सापडतात. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधील यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मनीच्या कॉन्डोर लीजन आणि इटलीच्या विमानांनी गेर्निका हे बास्क शहर जाळले. फ्रँकोच्या गोटाने बॉम्बफेकच नाकारली. माघार घेणाऱ्यांनीच शहर पेटविले, असा कांगावा केला आणि हुकूमशाही होती तोवर तेच सरकारी सत्य होते. जर्मनीच्या वतीने जबाबदारी स्वीकारली गेली ती १९९७ मध्ये, हल्ल्याच्या साठाव्या स्मृतिदिनी, अध्यक्ष रोमान हर्त्सोग यांच्या संदेशातून. नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर स्पेनच्या राजांसमवेत स्वतः गेर्निकाला गेले. हर्त्सोग किंवा श्टाइनमायर यांच्यापैकी कोणीही हिटलरच्या पक्षाचा वारसदार नव्हता. त्यांनी कबुली दिली, ती जर्मन राज्यसंस्थेचे प्रमुख या नात्याने. स्पेनच्या राज्यसंस्थेनेही अशीच कबुली द्यावी, असा आग्रह आता बास्क पक्ष धरीत आहेत.

ड्रेस्डेनचा धडा याच्या उलट बाजूचा आहे. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री सुरू झालेल्या हल्ल्यांत तेथे किती माणसे मेली, याचा आकडा नाझी प्रचारयंत्रणेने शून्य वाढवून दोन लाखांवर नेला आणि अनेक दशके तो फिरत राहिला. जानेवारी २००५ मध्ये सॅक्सनीच्या विधिमंडळात नाझी अत्याचारांच्या बळींसाठी मौन पाळले जात असताना अतिउजव्या एनपीडी पक्षाचे सदस्य उठून बाहेर गेले आणि ड्रेस्डेनच्या हल्ल्याला त्यांनी ‘बॉम्ब-होलोकॉस्ट’ असे नाव दिले. स्वतःच्या मृतांचे स्मरण दुसऱ्यांच्या मृतांवर झाकण घालण्यासाठी वापरण्याचा तो प्रयत्न होता. शहराने त्याला दोन उत्तरे दिली. महापालिकेने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये मृतांची कमाल संख्या २५ हजार असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षापासून १३ फेब्रुवारीला हजारो नागरिक हातात हात घालून शहरात मानवी साखळी उभी करू लागले. सत्य मोजून मांडले की त्यावर कोणाला आपला झेंडा रोवणे कठीण जाते, हा त्यातला मथितार्थ.

सभागृहापुढचे काम

ऐझॉलबाबत सरकारचा युक्तिवाद असू शकतो आणि तो ऐकला पाहिजे. छावणीला वेढा पडला होता, तेथील जवानांचे प्राण धोक्यात होते, बंडखोरांना पूर्व पाकिस्तानात आश्रय होता, दोन युद्धांनी थकलेला देश फुटण्याची भीती वास्तव होती. सशस्त्र बंडाचा मुकाबला करण्याचा अधिकार कोणतेही राज्य सोडणार नाही. त्या संघर्षात जवान मेले, बंडखोरांच्या हातून सामान्य मिझोही मेले. त्यांचेही स्मरण झाले पाहिजे. परंतु वेढा उठविण्यासाठी भर वस्तीवर आग लावणारे बॉम्ब टाकणे अपरिहार्य होते का, हा प्रश्न त्याने मिटत नाही. आणि अपरिहार्यता पटवून द्यावयाची, तर आधी घटना मान्य करावी लागते. जे घडलेच नाही असे म्हटले जाते, त्याचे समर्थनही करता येत नाही.

मार्ग नवा शोधावयास नको. ११ ऑगस्ट २००५ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाबद्दल राज्यसभेत केवळ शीख समाजाचीच नव्हे, तर संपूर्ण राष्ट्राची माफी मागितली होती. तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या राजवटीतील कृत्यांबद्दल ते बोलत होते. म्हणूनच त्या शब्दांना वजन होते. दुसरीकडे, जालियनवाला बागेच्या शंभराव्या वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी आपल्या संसदेत खेद व्यक्त केला, तेव्हा तो अपुरा असल्याची भावना भारतात सर्वपक्षीय होती. जो देश दुसऱ्याच्या संसदेकडून स्पष्ट माफीची अपेक्षा धरतो, त्याने स्वतःच्या संसदेलाही तोच मापदंड लावला पाहिजे.

कागदपत्रांचा प्रश्नही सुटण्याजोगा आहे. युद्धे आणि लष्करी मोहिमांचे दप्तर साधारणपणे २५ वर्षांत खुले करावे, असे धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केले. ऐझॉलच्या कारवाईला ती मुदत केव्हाच उलटून गेली आहे. आदेश कोणी दिला, कोणत्या वस्त्या लक्ष्य होत्या, किती जण मृत्यू पावले, याची उत्तरे त्या दप्तरांतून मिळतील आणि कोण विमान चालवीत होता यावरून समाजमाध्यमांवर वाद घालण्याची वेळ कोणावर येणार नाही. त्या आधारे सरकारने दोन्ही सभागृहांत निवेदन करावे, मृतांची नावे कामकाजाच्या नोंदीत घ्यावीत आणि सर्व पक्षांनी मिळून एक ठराव संमत करावा. त्यात कोणत्याही पक्षाचे नाव असण्याचे कारण नाही. ‘भारत सरकार’ हे दोन शब्द पुरेसे आहेत.

सत्ताधारी पक्षाला हा विषय काँग्रेसविरुद्धचे अस्त्र म्हणून हवा आहे आणि काँग्रेसला तो नको आहे, ही आजची अडचण आहे. १९६६ च्या मार्चमध्ये डोंगरात लपून आपले घर जळताना पाहिलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. संसदेला हवा तेवढा वेळ आहे. त्यांना तो नाही.